खानदेशच्या उन्हात फिरणं, पळणं, पोहणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात मेहरूण तलावाकाठी पहाटे फिरणाऱ्या एका टोळक्यात मी बरीच वर्षं आहे. डॉक्टर नाही, कोचही नाही. पण मार्च लागला की धुळ्याचे, अमळनेरचे, शहाद्याचे ओळखीचे लोक आणि त्यांच्या ओळखीचे लोक तेच तेच विचारत राहतात. दरवर्षी तेच टाइप करून अंगठा दुखतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय आला तर तिथला क्रमांक दिला आहे. बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी आधी प्रश्न १३ वाचावा आणि मग वर यावं.

१. खानदेशातच एवढं का तापतं? नाशिक तर शेजारीच आहे.

शेजारी आहे, पण वर आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, जळगाव-भुसावळ २०० च्या आसपास. आपण तापीच्या खोलगट पट्ट्यात राहतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, आणि समुद्र इतका लांब की त्याचा गारवा इथवर येत नाही. काळी माती ऊन पिऊन घेते आणि एप्रिल-मेमध्ये पिकं निघाल्यामुळे शेतं उघडी पडलेली असतात. मेमध्ये ४२-४४ अंश म्हणजे इथली रोजची गोष्ट. आणि तो आकडा सावलीतल्या तापमापकाचा असतो. उन्हात डांबरावर उभं राहिल्यावर अंगाला बसतो तो मार त्यात धरलेला नाही.

२. भाऊ, उन्हायामा सकायले कितला वाजता निंघानं?

हा प्रश्न अमळनेरच्या एका नानांचा, त्यांच्याच शब्दांत ठेवला आहे. मेच्या मध्यावर आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास उजाडतं, आणि दिवसातली सगळ्यात गार वेळ उजाडण्याच्या आगेमागेच असते. सव्वापाचला घराबाहेर, सातला घरात. पळणार असाल तर आणखी अर्धा तास आधी. आठनंतर मेमध्ये मी भाजी आणायलाही सायकल काढत नाही.

लोक म्हणतात, "तासभर चालायचं आहे, सातला निघालो तरी आठला परत." हिशोब बरोबर, पण त्या तासातली शेवटची वीस मिनिटं पहिल्या वीसपेक्षा कितीतरी महाग पडतात. उशिरा उठलात तर त्या दिवशी अंतर कमी करा किंवा सुट्टी घ्या. आमच्यात साडेसातला उगवणाऱ्याला "कलेक्टर" म्हणतात. ही पदवी मिळवू नका. डिसेंबरात मात्र उजाडायलाच सात वाजत येतात, तेव्हा कलेक्टर होण्यात काही वावगं नाही.

३. सकाळी ड्युटी असते. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर चाललं तर?

चालेल, पण सूर्य मावळला म्हणजे ऊन संपलं असं खानदेशात होत नाही. दुपारी तीन-चारला पारा सगळ्यात वर असतो. रस्ता, भिंती, कंपाउंड दिवसभर तापलेले असतात आणि रात्री उशिरापर्यंत ती आग परत फेकत राहतात. गच्चीवर पाणी मारून अंथरूण टाकणाऱ्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. संध्याकाळीच जमत असेल तर साडेआठनंतर निघा, डांबराऐवजी मातीचं मैदान धरा आणि वेग ठेवू नका. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाच सेकंद ठेवता येत नसेल तर अजून वेळ झालेली नाही. रात्रपाळीवाल्यांनी थेट कामावरून चालायला न जाता आधी झोप काढावी. झोप अपुरी असली की ऊन लवकर लागतं.

४. मला घामच येत नाही, मग ऊन लागणार कसं?

येतो. दिसत नाही. घरातला माठ आठवा. मेमध्ये माठाला बाहेरून हात लावला तर नुसता ओलसर लागतो, खाली थेंब साचत नाहीत, तरी आतलं पाणी गार. कारण झिरपलेलं पाणी कोरड्या हवेत लगेच उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. आपलं अंग म्हणजे असाच माठ. खानदेशच्या कोरड्या हवेत घाम अंगावर थांबत नाही, म्हणून आपल्याला वाटतं आलाच नाही. घरी आल्यावर गडद रंगाचा शर्ट वाळत टाका आणि पाठीवर पांढऱ्या रेघा बघा. ते मीठ तुमचंच.

कोरड्या हवेचा फायदा हा की अंग गार राहतं. तोटा हा की पाणी किती गेलं ते कळत नाही. आणि माठात पाणीच संपलं तर तो गार कसा करणार? पुढचे बरेच प्रश्न याच माठाभोवती फिरतात, म्हणून हे उत्तर सोडू नका.

एक गोष्ट वेगळी. हवा अंगापेक्षा जास्त तापली, म्हणजे साधारण ३७ अंशांच्या वर गेली, की वारा गार करत नाही, उलटा तापवतो. दुपारी मोटारसायकलवर तोंडावर येणारी झळ ती हीच. सायकलवाल्यांना सकाळी जो वारा सुखाचा वाटतो तोच अकरानंतर भट्टीच्या तोंडासारखा होतो.

५. पाणी किती प्यावं? कोणी म्हणतं चार लिटर, कोणी म्हणतं तहान लागेल तेवढं.

एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. स्वतःचा आकडा काढा. फिरायला जाण्याआधी लघवीला जाऊन कमीत कमी कपड्यांत वजन करा, आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. जेवढे किलो कमी झाले तेवढे लिटर पाणी गेलं, वाटेत प्यायला असाल तर तेही त्यात धरा. माझं मेमध्ये तासाभरात पाऊण लिटर जातं. आमच्यातल्या एका जाडजूड दाजींचं सव्वा.

निघण्याआधी एक-दोन ग्लास, तासापेक्षा जास्त चालणार असाल तर सोबत बाटली, उरलेलं दिवसभरात हळूहळू. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद झाली तर कमी पडतंय. चहासारखी तपकिरी झाली तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उलटी चूकही लोक करतात. दोन-तीन तास चालताना नुसतं साधं पाणी लिटरवर लिटर ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळतो, आणि सोबतचे म्हणतात "अजून पाणी पाज". लांबच्या चालीत मीठ लागतंच. ते पुढच्या उत्तरात.

६. मिठाची कमी कशाने भरून काढावी? आम्ही तर केळी खातो.

केळीच्या जिल्ह्यात राहून हे लिहिणं जिवावर येतं, पण केळ्यात पोटॅशियम असतं आणि घामातून जातं ते मुख्यतः सोडियम, म्हणजे आपलं साधं मीठ. केळं पोटाला आधार देतं, लवकर पचतं, खिशात मावतं, जरूर खा. मिठाची जागा ते घेत नाही.

तासाभराच्या फिरण्यानंतर घरचं जेवणच पुरतं. खारं ताक, वरणाला मीठ, भाकरीसोबत लोणच्याची फोड. त्यापुढे लांब जाणार असाल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कैरीचं पन्हंही चांगलं, पण मीठ घालून. ओआरएसची पुडी घेतली तर ती एक लिटरची आहे की २०० मिलीची ते वाचूनच विरघळवा. लिटरची पुडी ग्लासभर पाण्यात टाकून पिणारे मी पाहिले आहेत. उसाचा रस गोड लागतो, पण व्यायामानंतरचा मुख्य उपाय म्हणून नको.

७. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही म्हणतात. खरं का?

माझी आजी पदराच्या गाठीत कांदा बांधायची आणि ती ऐंशीच्या पुढे जगली. पण ती अकराच्या आत शेतातून घरीही यायची, आणि माझ्या मते गुण त्याचा. खिशातला कांदा घाम थांबवत नाही, मीठ देत नाही, सावली देत नाही. ठेवायचा तर ठेवा, फक्त त्याच्या जिवावर उन्हात निघू नका. कळण्याच्या भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला मात्र कोणीही कमी करू नये.

८. कपडे कुठले? पूर्ण झाकून घ्यावं की उघडं ठेवावं?

उजाडायच्या आत परतणार असाल तर जे सोयीचं ते. ऊन अंगावर येणार असेल तर झाकलेलं बरं, पण सैल आणि फिकट. सैल कपड्यात हवा खेळते आणि माठ काम करत राहतो. मुली दुपारी स्कूटीवर घालतात तो सनकोट गाडीवर ठीक आहे, तो घालून भरभर चालू नका. डोक्याला रुमाल किंवा उपरणं ओलं करून गुंडाळणं हा आपल्या हवेतला स्वस्त कूलर आहे. वाळला की पुन्हा ओला करा.

प्लॅस्टिकसारखा घामाचा सूट घालून चरबी वितळवणारे दरवर्षी दोन-तीन तरी दिसतात. त्यात वितळते ती अक्कल. माठाला पॉलिथिन गुंडाळून ठेवण्यासारखं ते आहे.

९. सुट्टीत पुण्याहून गावी आलो. तिथे रोज दहा किलोमीटर पळतो, इथे दोन किलोमीटरमध्येच दम लागला. तब्येत बिघडली का?

नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं आणि हृदयाचे ठोके उगाच चढत नाहीत. पहिले चार दिवस निम्मं अंतर, निम्मा वेग, मग हळूहळू वाढवा. दिवसभर एसीत बसून राहिलात तर ही सवय होत नाही. ती टिकतही नाही, दोन-चार आठवडे थंडीत काढले की गेली. म्हणून "मी खानदेशचाच आहे, मला काय होतंय" हे वाक्य मार्चच्या पहिल्या आठवड्यात धोक्याचं. तेव्हा आपण सगळेच पुण्याहून आलेले असतो.

१०. ऊन लागतंय हे वेळेत कसं ओळखायचं?

माझ्यावरून सांगतो. एप्रिलमध्ये आदल्या रात्री लग्नात जागरण, सकाळी चहावर निघालो, तेही नऊला. तलावाच्या दुसऱ्या टोकाला आल्यावर हातावर काटा आला. भर उन्हात, थंडी वाजल्यासारखा. मला गंमत वाटली. शंभर पावलांनी पायाची पोटरी वळली आणि समोरचा रसवंतीचा गाडा दोन-दोन दिसू लागला. रसवाल्याने मला त्याच्या फाटक्या ताडपत्रीखाली ओढलं आणि बर्फाचं पाणी मानेवर ओतलं. पैसे घेतले नाहीत.

तर काटा येणं, गोळे येणं, डोकं ठणकणं, मळमळ, चक्कर, उगाच चिडचिड, यांतलं काहीही झालं की तिथेच थांबा. सावली, बूट-मोजे काढा, अंग ओलं करा, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर दवाखाना.

माणूस बरळत असेल, ओळखत नसेल, कोसळला असेल आणि अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात. आतलं तापमान ४० अंशांवर गेलेलं असतं आणि मिनिटं मोजायची असतात. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका. कपडे सैल करून अंगावर जमेल तेवढं पाणी ओता, पंखा किंवा पुठ्ठ्याने वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा ओली फडकी ठेवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. अंग कोरडं असेल तरच उष्माघात असं नाही. पळताना झालेल्या उष्माघातात माणूस घामाने भिजलेलाही असतो.

११. चालायचं कुठे? आमच्याकडे बाग नाही, हायवेच जवळ आहे.

हायवे नको. पहाटे सव्वापाचला ट्रकचा ड्रायव्हर रात्रभर जागलेला असतो. दुसरा मार्गच नसेल तर रस्त्याच्या उजव्या बाजूने चाला म्हणजे समोरची गाडी दिसते. फिकट शर्ट घाला, कानात गाणी नकोत. शाळा-कॉलेजचं मैदान, तलावाचा बांध, पाटाकडेची वाट यांतलं काहीतरी बहुतेक गावांत असतं. धुळेकर नकाणे तलावाकडे जातात, जळगावकर मेहरूणला. मातीवर चाललं की गुडघे कमी कुरकुरतात आणि तापही कमी. शेतरस्त्यावर सायकल नेणाऱ्यांनी बाभळीच्या काट्यांसाठी पंक्चरचं सामान ठेवावं आणि टायरमध्ये हवा ठासून भरू नये.

कुत्र्यांबद्दल सगळेच विचारतात. पळू नका, थांबा, डोळ्यांत बघू नका, हळू मागे सरका. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

१२. बागेतल्या ओपन जिमने खरंच फायदा होतो का?

थोडा. त्या मशीनना वजन वाढवायची सोय नसते, तुमचंच वजन तुम्ही ओढता. सांधे मोकळे करायला, म्हाताऱ्या माणसांना, पाय हलवायला छान. ताकद वाढवायची तर दोन महिन्यांत त्यांचा उपयोग संपतो. मग बागेच्या कट्ट्याला हात टेकून जोर मारा, त्याच कट्ट्यावर बसा-उठा. आमच्याकडच्या चालण्याच्या मशीनचं एक बेअरिंग गेलं आहे, ती कुं-कुं करते आणि सगळ्या बागेला कळतं की काकू आल्या. मेमध्ये आठनंतर त्या लोखंडी दांड्यांना हात लावू नका, भाजतं.

१३. बीपीची गोळी चालू आहे, शुगरही आहे. उन्हाळ्यात फिरणं बंद करू का?

बंद नको, पण डॉक्टरांना दोन गोष्टी मुद्दाम विचारा. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, म्हणजे शरीरातलं पाणी-मीठ आधीच कमी. काही गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, त्यामुळे घड्याळातला ठोक्यांचा आकडा तुमच्या कामाचा नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका. प्रश्न ६ मधलं मीठ-साखरेचं पाणीही तुम्हाला विचारूनच.

शुगरवाल्यांनी खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात. शुगर उतरली की घाम, थरथर, चक्कर येते, आणि ऊन लागल्यावरही तेच होतं. शंका आली तर आधी साखर, मग सावली. अनवाणी चालू नका, पायाची जाणीव कमी असेल तर भाजलेलं कळतही नाही. वेगाची कसोटी सगळ्यांना एकच: बोलता यावं, गाता येऊ नये. छातीत दाब आला तर ऊन-बिन काही न बघता दवाखाना.

१४. उपवासाला किंवा रोज्यात चालावं का?

खाणं चालू असलेल्या उपवासाला चाला, फक्त साबुदाण्यावर दहा किलोमीटर नको. निर्जळी किंवा रोजा असेल तर दिवसा घाम काढू नका. रोजा सोडल्यावर तासाभराने हलकं चाला. आमच्यातले एक चाचा रमजानमध्ये तरावीहच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजानंतर मैदानात दोन फेऱ्या मारतात आणि म्हणतात की वर्षातलं सगळ्यात चांगलं चालणं तेच.

१५. साडीवर बूट घालून चाललं तर लोक हसतात.

अक्का, दोन आठवडे हसतात. मग त्यांच्या घरच्या विचारतात, बूट कुठून घेतले. चपलेने भरभर चाललं की अंगठा आवळावा लागतो आणि पिंडरी दुखते, म्हणून बूटच. नऊवारी असो की पाचवारी, थोडी वर खोचा. अंधारात एकट्या न जाता तिघी-चौघींचं टोळकं करा. वेळ ठरलेली असली की कोणी आलं नाही तर लगेच कळतं.

१६. पोरं दुपारभर मैदानावर क्रिकेट खेळतात, ऐकतच नाहीत.

आम्हीही ऐकलं नव्हतं, पण तेव्हा खेळ आमराईत असायचा आणि पिच चिंचेखाली. आता मैदानं उघडी आहेत. सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी सहानंतर खेळू द्या. मधल्या वेळेत विटीदांडू, सूरपारंब्या, सावलीत जमेल ते. लहान मुलांना उन्हाची सवय मोठ्यांपेक्षा सावकाश होते आणि खेळाच्या नादात तहान कळत नाही. दर दोन ओव्हरनंतर पाणी हा नियम मॅचमध्येच घाला, मग आईला ओरडावं लागत नाही.

१७. विहिरीत, तापीत, गिरणेत पोहणं कितपत बरं?

मी विहिरीतच शिकलो. पाठीला पत्र्याचा बंद डबा, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काकांच्या हातात. पहिल्या दिवशी डबा वर, मी खाली. दहाव्या दिवशी काकांनी न सांगता डबा सोडला आणि मी तरंगलो. उन्हाळ्यात याच्याइतका सुखाचा व्यायाम नाही. सांध्यांवर भार नाही आणि अंग तापत नाही.

पण तेव्हाचे नियम काटेकोर होते, ते विसरून लोक फक्त उडी लक्षात ठेवतात. विहिरीत मोटार असेल तर ती नुसती बंद नको, स्टार्टरचे फ्यूज काढा, केबल सोललेली आहे का बघा. पाणी किती आहे आणि खाली दगड कुठे, हे उतरून पाहिल्याशिवाय उडी नाही. पायऱ्या नसलेल्या विहिरीत दोराशिवाय नाही. एकटं कधीच नाही.

नदीचं वेगळं. वाळू उपसल्यामुळे पात्रात खड्डे पडलेले असतात, गुडघाभर पाण्यात पुढचं पाऊल दोन पुरुष खोल जातं. गिरणेचं आवर्तन, म्हणजे धरणातून पाळीचं पाणी, सुटलं की सकाळी कोरडं असलेलं पात्र नंतर भरलेलं असतं. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की खालची तापी बघता बघता चढते. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारू नका. दोर, फांदी, सोडलेली साडी, रिकामा कॅन, जे असेल ते फेका.

१८. ट्रेकसाठी जवळ काय आहे? उन्हाळ्यात जावं का?

धुळ्याजवळ मुंबई-आग्रा रस्त्यालगत लळिंगचा किल्ला आहे. सरळ चढ, सावली जवळजवळ नाही. जुलै ते फेब्रुवारी उत्तम, मेमध्ये माझ्या मते नाहीच. चाळीसगावजवळचं पाटणादेवी गौताळा औट्रम घाट अभयारण्यात येतं. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने मठ काढल्याचा तेराव्या शतकातला शिलालेख तिथला. पावसाळ्यात धबधबे आणि रान पाहण्यासारखं. दगड निसरडे असतात, धबधब्याखाली सेल्फी नको. यावलकडे सातपुड्यात मनुदेवी, तेही पावसाळ्यातच खुलतं.

उन्हाळ्यातच जायचं असेल तर तोरणमाळ. ते ११०० मीटरच्या वर आहे, म्हणजे जळगावपेक्षा ९०० मीटर उंच. दर हजार मीटरला साडेसहा अंश उतरतात असं धरलं तर खाली ४३ तेव्हा वर ३७ च्या आसपास. रात्री तर सुखच. यशवंत तलावाभोवती पहाटे चालून पाहा. दिवाळीत सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या शिखरावर यात्रेला पायी जाणाऱ्यांनी गर्दीत रात्रीची चढण बॅटरीशिवाय करू नये.

१९. चैत्रात वणीला पायी जातो. ऐन उन्हात चार-पाच दिवस. तयारी कशी करावी?

हा प्रश्न धुळे-जळगावकडून सर्वांत जास्त येतो. चैत्र पौर्णिमेच्या आधी मालेगावच्या रस्त्यावर भगवे झेंडे घेऊन सप्तशृंगी गडाकडे निघालेल्या आपल्याच लोकांची रीघ असते. ज्यांनी वर्षभर बसस्टॉपपर्यंतही पायी जाणं केलं नाही असे पहिल्या दिवशी तीस किलोमीटर तोडतात आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसतात.

दीड महिना आधी सुरू करा. आठवड्यात पाच दिवस तासभर, रविवारी लांब, तो रविवार हळूहळू १५ ते २० किलोमीटरपर्यंत न्या. शेवटचे दहा-बारा दिवस थोडं ऊन अंगावर घेत चाला, कारण प्रश्न ९ मध्ये आहे. ज्या चपला-बुटांत जाणार त्याच वापरा. नवे बूट यात्रेत उघडणं म्हणजे फोड विकत घेणं. वाटेत पहाटे तीन ते आठ-साडेआठ आणि संध्याकाळी सहानंतर चाला. दुपार झाडाखाली. डीजेच्या गाडीमागे भर दुपारी नाचत जाणाऱ्यांकडे बघून वाहवत जाऊ नका, त्यांच्यातला कोण टेम्पोत चढतो ते संध्याकाळी कळतं. मांड्यांना आणि टाचांना व्हॅसलीन, रोज वाळलेले मोजे. फोड आला तर कातडी सोलू नका, धुऊन पट्टी लावा. रात्री हायवेवर पाठीला चमकणारी पट्टी हवी. वाटेवर लोक भक्तिभावाने सरबत देतात. त्यात मीठ नसतं, सोबत मिठाची पुडी ठेवा आणि मागून घालून प्या.

२०. घरच्या बायांना जिम-बिम नको. अखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका व्यायाम धरला तर चालेल?

का नाही! बसून झोका घेणं ही मौज, उभ्याने झोका चढवणं ही मेहनत. पाटावर उभं राहून गुडघे वाकवायचे, पुढे जाताना झटक्यात सरळ करायचे, हातांनी दोर ओढून धरायचा. मांड्या, पोट, खांदे सगळे लागतात. माहेरी आलेल्या चार जणी आळीपाळीने निंबाखाली तासभर झोका घेतात तेव्हा दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं की काय झालं. गाणी म्हणत झोका घेतला की श्वासाचाही व्यायाम होतो.

अखाजी ऐन उन्हात येते, म्हणून सकाळ-संध्याकाळ. दोर दरवर्षी तोच काढत असाल तर गाठीच्या जागी झिजला आहे का ते बोट फिरवून पाहा. फांदी हिरवी, मांडीएवढी जाड हवी, वाळकी नको. चक्कर येणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी बसून गाणी म्हणावीत. अखाजीनंतर झोका काढतात, तो काढू नका एवढीच माझी सूचना.

२१. पावसाळ्यात आणि थंडीत काय बदलावं?

पावसाळ्यात कूलर लावला की चादर चिकट होते, तेच अंगाचं होतं. पारा ३२ असला तरी घाम उडत नाही, म्हणून वेग कमी. ऑक्टोबरात तर ऊनही आणि दमटपणाही. काळ्या मातीच्या वाटा सोडा, बुटाला शेरभर चिखल लागतो आणि पाय मुरगळतो. वीज कडाडत असताना मैदान आणि एकटं झाड दोन्ही टाळा, पक्क्या घरात जा. गवतात पाऊल टाकण्याआधी बॅटरी मारा.

थंडीत धुळ्याला पारा एक आकडी होतो. निघताना दहा मिनिटं सावकाश चाला, कानाला रुमाल बांधा. हृदयरोग्यांनी ऊन निघाल्यावरच बाहेर पडावं.

२२. रोज पाच किलोमीटर चालतो, वजन तसंच. का?

सत्तर किलोच्या माणसाचे पाच किलोमीटरमध्ये अडीचशे ते तीनशे कॅलरी जातात. कोपऱ्यावरची एक कचोरी आणि गोड चहा, हिशोब बरोबरीत. शेवभाजीवरच्या तर्रीबद्दल मी काही बोलणार नाही, मला गावात राहायचं आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम मेहनत सांगते, ती बीपी-शुगरसाठी, झोपेसाठी, मूडसाठी. वजन नाही उतरलं तरी ती वाया गेलेली नाही.

२३. सुरतला राहायला गेलो, समुद्राकाठी ३४ अंशांतच जीव जातो. ४४ मध्ये वाढलेला माणूस मी!

प्रश्न ४ मधला माठ सुरतला घेऊन जा. पाणी गार होणार नाही. किनाऱ्याची हवा आधीच पाण्याने भरलेली, घाम उडत नाही, नुसता गळतो. म्हणून हवामान खातंही वेगळी पट्टी लावतं. मैदानी भागात उष्णतेची लाट ४० अंशांपासून धरतात, किनाऱ्यावर ३७ पासून, आणि दोन्हीकडे सहसा नेहमीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त असावं लागतं. ओलं उपरणं तिथे फारसं कामाचं नाही, पंखा आणि गार पाणी कामाचं. सुरतच्या लिंबायत-उधन्यातल्या आपल्या माणसांना मी सांगतो की खानदेशातल्या वेगातून किलोमीटरमागे अर्धा-पाऊण मिनिट सोडून द्या आणि दोन आठवडे वाट बघा.

डुमसला, जिथे आपलीच तापी समुद्राला मिळते, ओल्या घट्ट वाळूवर चालणं छान. पण भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, ती पाहून जा. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात लांब जाऊ नका, खंभातच्या आखातात पाणी वेगाने परत येतं. किनारा उताराचा असतो, एकाच दिशेने चाललात तर एक गुडघा दुखतो. जाताना जेवढं, येताना तेवढं.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला जाणाऱ्यांची अडचण निराळी. तेव्हा जळगावात पहाटे दहा-बारा अंश असतात आणि उन्हाची सवय मोडलेली असते. शर्यतीआधीचे दोन आठवडे आठवड्यातून तीन-चार वेळा दुपारी तीनला पळा, पातळ जॅकेट घालून. प्रश्न ८ मधल्या प्लॅस्टिकच्या सुटाला हा अपवाद समजू नका, जॅकेट कापडी. आणि शर्यतीत पहिले दहा किलोमीटर गार वाटले म्हणून वेग वाढवू नका, नऊनंतर ऊन वर येतं.